आईचा स्वयंपाक बंद न करता तिचा ओटा सुरक्षित कसा करू?

पाऊलवाट (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझी आई ७४ वर्षांची. पुण्यात सहकारनगरात जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी वाकडला, नोकरी हिंजवडीत. कामाच्या दिवशी काही झालं तर तिच्यापर्यंत पोचायला सव्वा तास धरायचा, आणि पावसात विचारूच नका. आई चालती-फिरती आहे, रोज सकाळी तळजाईवर जाते, दूधवाल्याचा हिशोब तोंडपाठ असतो. डॉक्टरांना दाखवलं. वयोमानाप्रमाणे थोडं विसरणं आहे, बाकी काही नाही असं म्हणाले.

पण गेल्या महिन्याभरात तीन गोष्टी झाल्या. एकदा दूध ठेवून ती पूजेला बसली. दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. जिन्यातून जाणाऱ्या शेजारच्या काकूंना वास आला, घरात बसलेल्या आईला आला नाही. मग एकदा आमटीला डाळ लावली, मावशीचा फोन आला आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. कुकर कोरडा पडला, सेफ्टी व्हॉल्व उडाला. छताला पिवळा डाग अजून आहे. आणि तिसरी गोष्ट तिने मला सांगितलीच नव्हती. रविवारी गेले तर मनगटाला फोड. गाऊनची बाही फोडणीच्या वेळी पेटली होती, तिने हातानेच चोळून विझवली आणि वर टूथपेस्ट लावून ठेवली.

भाऊ बंगळूरला असतो. तो म्हणतो गॅस काढून टाक, डबा लाव. मलाही एक दिवस तेच वाटलं. आई आमचं बोलणं ऐकत होती. ती भांडली नाही, फक्त म्हणाली, "मग सकाळी उठून मी करू काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डबा हा शेवटचा उपाय म्हणून माझ्या डोक्यात आहे. त्याआधी काय काय करता येतं, ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. खर्चाचं बघता येईल.

कर्वेनगरकर (सोमवार, रात्री १०:१५)

आम्ही सासूबाईंना इंडक्शन दिलं. वेळ लावता येते, भांडं उचललं की बंद होतं, ज्वाळ नाही. चहा, दूध, भात त्यावर होतो. पण घेण्याआधी दोन गोष्टी बघा. ॲल्युमिनियमची, पितळेची भांडी त्यावर चालत नाहीत. तळाला लोहचुंबक चिकटला तर चालेल असं समजा. आणि आईंना पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. भाकरी-पोळीला सासूबाई अजून गॅसच वापरतात. लाईट गेली की सगळंच गॅसवर.

शेगडीकाका (मंगळवार, सकाळी ७:०५)

ताई, मी गॅस शेगडी आणि कुकर दुरुस्तीचं काम ३१ वर्षं करतोय, पेठांतल्या वाड्यांपासून सिंहगड रोडच्या टॉवरपर्यंत. तुमच्या तीन गोष्टी तीन वेगळ्या आहेत आणि तिन्हीचा इलाज वेगळा आहे. लोक एकच वस्तू आणतात आणि समजतात झालं.

आधी दुधाचं. ज्योत विझून गॅस सुटतो त्याला अशी शेगडी मिळते की ज्योत गेली की गॅस आपोआप बंद होतो. बर्नरला चिकटून एक बारीक दांडी असते. ती तापलेली आहे तोवर आतला व्हॉल्व उघडा राहतो, गार झाली की बसतो. फक्त पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो. बोटं दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. म्हणून आईंना दुकानात सोबत न्या आणि त्यांच्याच हाताने चार वेळा पेटवून बघा. त्यांना जमली तरच घ्या.

त्याच्या आधी मात्र तुळशीबागेतून दुधाचा कुकर आणा, दोन भिंतींचा, मध्ये पाणी घालायचा. दूध उतू जात नाही, आणि पाणी उकळलं की शिट्टी ओरडत राहते. पाणी घालायला तेवढं विसरू नये. माझ्या मते या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

आता कुकर. इथे ती आपोआप बंद होणारी शेगडी काही कामाची नाही, कारण ज्योत चालूच असते. इथे टायमर लागतो. गॅसच्या लाइनवर बसणारा टायमरचा व्हॉल्व मिळतो. मिनिटं लावायची, वेळ संपली की गॅस बंद. तो आपल्या गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला विचारून, त्याच्याच हातून बसवा. तोवर साधं किल्लीचं घड्याळ आणा, आणि ते ओट्यावर ठेवू नका. आई फोनवर बोलायला जिथे बसतात तिथे ते त्यांच्यासोबत गेलं पाहिजे.

सेफ्टी व्हॉल्व उडाला ही वाईट गोष्ट समजू नका. त्यात लवकर वितळणारा धातू असतो. पाणी संपून कुकर जास्त तापला की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो उडाला म्हणून कुकर फुटला नाही. पण आता नवीन घालताना त्याच कंपनीचा, त्याच मापाचा घाला. व्हॉल्वच्या जागी स्क्रू पिळलेले कुकर मी बघितलेत. असा कुकर माझ्याकडे आला तर व्हॉल्व बदलल्याशिवाय मी परत देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. कोरडा तापलेला कुकर एकदा दुकानात तपासून घ्या. तळ फुगला असेल तर तो मोडीत काढा.

डाळ लावताना कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. डाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या नळीत जाऊन बसतो आणि वाळून दगड होतो. शिट्टी काढून झाकण रोज उजेडासमोर धरायचं. नळीतून उजेड दिसला तरच झाकण लावायचं. आणि झाकणाची रबरी रिंग कडक, चिरलेली वाटली की बदलायची, वर्ष मोजत बसायचं नाही. दोन शिट्ट्यांत होणारा भात चार शिट्ट्या मागायला लागला तर बहुतेक रिंगच गेलेली असते.

आता तुम्ही न विचारलेलं. नळी बघा. केशरी रंगाची, आत तार असलेली हवी आणि ५ वर्षांनी बदलायची. वर्ष नळीवरच छापलेलं असतं. सगळे समोरचा भाग बघतात. तुम्ही ओट्याच्या भोकातून ती जिथे वळते तिथे खालून हात फिरवा. जुन्या बिल्डिंगमध्ये उंदीर तिथेच कुरतडतात. नळीवर कापडी खोळ घातली असेल तर आजच काढा, खाली काय चाललंय ते दिसत नाही.

वासाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. गॅसला स्वतःचा वास नसतो, कळावं म्हणून मुद्दाम घालतात. पण वय वाढलं की नाक मंदावतं. म्हणून आवाज करणारा गॅस डिटेक्टर लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो. त्यामुळे डिटेक्टर खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर. वर लावलेला काही कामाचा नाही. सिलिंडर बंद कपाटात असेल तर दाराला खाली भोकं पाडून घ्या.

आणि वास आला तर काय करायचं, हे आईंकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या. रेग्युलेटरचा खटका बंद. देवापुढचा दिवा शांत. खिडक्या-दारं सताड उघडी. कुठलंही बटण दाबायचं नाही, ना चालू करायचं ना बंद. पंखा नाही, एक्झॉस्ट नाही, फ्रिजचा प्लगही ओढायचा नाही. मग जिन्याने बाहेर, शेजाऱ्यांच्या दारावर हाताने थापा मारायच्या, बेल नाही. फोन बाहेर गेल्यावर. गॅसगळतीसाठी १९०६, दिवसरात्र चालू असतो. आग असेल तर १०१.

पाऊलवाट (मंगळवार, रात्री ८:५०)

काका, मी हे ऑफिसमध्ये वाचलं आणि आईला लगेच फोन करून नळीवरचं वर्ष वाचायला लावलं. मुदत संपून दोन वर्षं झालीत. खोळ होती. मीच शिवून दिली होती. फार वाईट वाटलं.

एक विचारायचं राहिलं. सोसायटीत पाइपचा गॅस येणार आहे, दोनेक महिन्यांत. मग हे सगळं बदलेल का?

आणि मनगटाचा फोड अजून भरलेला नाही. आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत.

शेगडीकाका (मंगळवार, रात्री ९:३०)

खोळ अर्ध्या पुण्यात आहे, वाईट वाटून घेऊ नका. नळी उद्याच बदला.

पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. म्हणजे डिटेक्टर तेव्हा छताजवळ हलवायचा, आणि घेतानाच दुकानदाराला दोन्ही गॅसला चालतो का विचारायचं. शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदलावे लागतात. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडायची नाही, जोडणारा माणूस जेट बदलतोय ना, हे समोर उभं राहून बघा. घरातला कॉक कुठे आणि मीटरजवळचा कुठे, ते आईंना दोन-तीनदा फिरवायला लावा. मनगटाचं मात्र डॉक्टरचं काम.

सिस्टरताई (मंगळवार, रात्री ११:१०)

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली अकरा वर्षं जळीत विभागात. आता निवृत्त आहे.

पाऊलवाट, मधुमेह आहे आणि फोड भरत नाही, तर उद्याच दाखवा. रविवारची वाट बघू नका. मधुमेहात जखम हळू भरते, आणि कधीकधी दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं तेही डॉक्टरांना सांगा.

टूथपेस्टबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे येणाऱ्या भाजलेल्या हातांवर टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस, काय काय असायचं. ते सगळं आधी धुवून काढावं लागायचं, आणि ज्याचा हात आहे तो किंचाळायचा. आया-बायांच्या त्या किंकाळ्या माझ्या कानातून गेलेल्या नाहीत. घरच्यांनी प्रेमानेच लावलेलं असायचं ते.

भाजल्यावर लगेच काय करायचं, तर नळाखाली हात धरायचा. साधं गार पाणी, धार बारीक, पुरी २० मिनिटं. दोन मिनिटांनी बरं वाटतं आणि माणूस हात काढतो, तिथेच चुकतं. वरची कातडी गार झाली तरी आतली आच अजून खाली उतरत असते. बर्फ लावायचा नाही, त्याने भाजलेली कातडी आणखी दुखावते. नळ सोडल्याबरोबर बांगड्या, पाटल्या, अंगठी काढायची. थोड्याच वेळात हात सुजतो आणि मग अंगठी कापावी लागते. आईंच्या हातात पाटल्या असतील तर स्वयंपाकाच्या वेळी त्या काढून ठेवायची सवयच लावा. फोड फोडायचा नाही. धुतलेलं मऊ सुती कापड सैल गुंडाळायचं आणि दाखवायला जायचं. आपल्या तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, सांधा, हाताचा पंजा भाजला असेल, तर घरी इलाज करत बसू नका, पाण्याची धार चालू ठेवूनच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन.

आपल्याकडे एखाद्या गुरुवारी पाणी बंद असतं, तेव्हा नळाखाली हात धरा म्हणणं सोपं आहे. म्हणून मोरीत एक बादली कायम भरलेली आणि त्यात तांब्या. तांब्याने सावकाश ओतत राहायचं.

आता बाही. गाऊन कसला आहे? चकचकीत, घसरणारा असेल तर तो नायलॉन-पॉलिएस्टरचा. तो पेटला की वितळून कातडीला चिकटतो. असे चिकटलेले तुकडे आम्ही ओढून काढायचो नाही, भोवतीने कापायचो. सुतीही पेटतं, पण असं चिकटत नाही. स्वयंपाकाला सुती गाऊन, बाही कोपरापर्यंत, आणि ओढणी-स्कार्फ काही नाही. साडी असेल तर पदर पुढून घेऊन कमरेला घट्ट खोचलेला. कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही. पळालं की वारा लागतो. खाली आडवं व्हायचं, चेहऱ्यावर हात आणि लोळायचं. ७४ व्या वर्षी आडवं होणं सोपं नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी एक जाड सुती चादर खुंटीला टांगून ठेवा. अंगाला गुंडाळली की ज्वाळ कोंडते.

एक विनंती. आईंना रागावू नका. रागावलात तर पुढचा फोड त्या तुमच्यापासून लपवतील, आणि तो लपवण्याजोगा नसेल.

चकली_भाजणी (बुधवार, दुपारी ३:२०)

मी घरून फराळाच्या ऑर्डर घेते, २२ वर्षं झाली. सगळ्यांनी छान लिहिलंय, मी फक्त तळणीचं सांगते.

आई उपवास करत असतील तर साबुदाणा वडा एकटीने तळू देऊ नका. हसू नका, कढईतून उडालेल्या वड्याने माझी हनुवटी भाजली आहे, खूण अजून आहे. भिजलेल्या दाण्यात पाणी राहतं. वडा बाहेरून झटकन कडक झाला की आत वाफ कोंडते आणि तो फटकन फुटतो, तेलासकट. साबुदाणा जेमतेम पाण्यात भिजवा, दाणा मोकळा झाला पाहिजे, ओला नको. दाण्याचं कूट हात आखडता न घेता घाला, वडा चपटा थापा, मध्ये बोटाने भोक पाडा आणि आच मध्यम ठेवा. नाहीतर सरळ अप्पेपात्रात करा. आम्ही घरच्यांसाठी आता तसंच करतो, चव जात नाही. मिरची अख्खी तळायची असेल तर आधी चीर द्यायची, तिचंही तेच.

तेलाने पेट घेतला तर पाणी नाही. हे लाख वेळा सांगितलं तरी त्या क्षणी हात पाण्याकडेच जातो. पाणी तेलाच्या खाली जातं, तिथे एका दमात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती १७०० पट जागा घेते, आणि वरचं जळतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा आणि कढईवर झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत नेऊन ठेवायचं. कढई उचलायची नाही. झाकण उघडून बघायचं नाही, गार होईपर्यंत तसंच. म्हणून तळण सुरू करायच्या आधी कढईपेक्षा मोठं झाकण किंवा परात हाताशी, डावीकडे. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, चकलीचा सोऱ्या नंतर.

आणि पाऊलवाट, एक सुचवते. एका सकाळी आईकडे जा आणि मदत न करता, काही न बोलता, अर्धा तास नुसतं बघा त्या कशा वावरतात. हात कुठून कुठे जातो ते बघा.

पाऊलवाट (रविवार, रात्री ९:१५)

आज तेच केलं. शनिवारी रात्रीच मुक्कामाला आले आणि सकाळी साडेपाचला स्वयंपाकघरात पाटावर बसले. आईला सांगितलं, तू तुझं कर, मी चहाची वाट बघतेय.

आईचा कडप्प्याचा ओटा. शेगडीच्या बरोबर वर फळी आहे, त्यावर चहा, साखर, हळद, तिखट, मोहरीचा डबा. बाबांनी १९८७ साली घर घेतलं तेव्हा तिच्या उंचीला मापून लावलेली. तेव्हा तिचा हात तिथे सहज पोचायचा. आता ती खाली वाकली आहे. साखरेचा डबा काढायला ती टाचा उंचावते, डावा हात ओट्यावर टेकते आणि उजवा हात पेटलेल्या बर्नरवरून जातो. बाही लोंबते. अर्ध्या तासात हे मी सात वेळा पाहिलं. साखर, चहा, परत साखर ठेवायला, मग मोहरी. फोडणी घालताना ती तेल तापत ठेवते आणि मग मोहरीचा डबा शोधते. बाही का पेटली हे विचारायची गरजच उरली नाही.

सगळे डबे आज उजवीकडच्या फडताळात, तिच्या कमरेच्या उंचीवर आले. फळी काढायला ती तयार नव्हती, बाबांनी लावलेली. मग तिथे आता देवघरातली जुनी तसबीर आणि दोन रिकाम्या बरण्या आहेत, ज्यांना कोणी हात लावत नाही. फोडणीचं सगळं आधी काढून ठेवायला एक छोटी थाळी दिली.

नळी बुधवारीच बदलली. डिटेक्टर सिलिंडरच्या कपाटाबाहेर, फूटभर उंचीवर लागला. दुधाचा कुकर आईला पसंत पडला. शिट्टी ऐकून ती पूजेवरून उठली, हे मी पाहिलं. टायमरच्या व्हॉल्वसाठी एजन्सीचा माणूस गुरुवारी येतोय. शेगडीचं दुकानात जाऊन बघितलं, नॉब दाबून धरताना तिचा अंगठा दुखतो, त्यामुळे ती राहिली. मनगट डॉक्टरांना दाखवलं, एक दिवसाआड ड्रेसिंग आहे.

वास आला तर काय करायचं, त्याची आज दोनदा तालीम केली. दुसऱ्या वेळी आईने रेग्युलेटर बंद केला, समई शांत केली, खिडक्या उघडल्या आणि शेजारच्या काकूंच्या दारावर इतक्या जोरात थापा मारल्या की वरच्या मजल्यावरचेही खाली आले. मग सगळ्यांना चहा. काकूंनी त्यांच्याकडची नळी बघायला बोलावलं, त्यांच्याही नळीला खोळ आहे.

भावाला फोटो पाठवलेत. डब्याचं तो अजून म्हणतोय, पण दिवाळीत येईन तेव्हा बघू म्हणाला. चकली_भाजणी, साबुदाणा वडा अप्पेपात्रात करायला आई तयार आहे, पण कूट किती घालायचं ते विचारते आहे. एक वाटी साबुदाण्याला किती?

चकली_भाजणी (रविवार, रात्री ९:५०)

भिजवायच्या आधीच्या एका वाटीला पाऊण वाटी कूट आणि एक मध्यम उकडलेला बटाटा. बटाटा गार झाल्यावर किसून घालायला सांगा, गरम घातला तर चिकट होतं. आईंना माझा नमस्कार सांगा.